ती ओळ पहिल्या पानावर लिहा : कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर-सिस्टर लोकांना आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बारावी झालेली बाई आहे, घरी शिलाईचं काम करते. आमचे हे पिकअप चालवतात, म्हणजे चालवायचे, हंगामात तासगाव भागातली द्राक्षं रात्रीतून वाशी मार्केटला टाकायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत. फाइलच्या पाचव्या पानावर दडलेली एक ओळ कुणी वेळेत वाचली नाही म्हणून ह्यांचा जीव जाता जाता वाचला, त्याबद्दल लिहायचंय. हे पत्र कुठल्या एका दवाखान्याबद्दल तक्रार म्हणून लिहीत नाही. नाव घेणार नाही आणि कुणी कमेंटमध्ये विचारू पण नका. पण रात्रपाळीला जे कुणी खुर्चीत असतं त्या प्रत्येकापर्यंत हे जावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते.

ह्यांना पिट्युटरी ॲपोप्लेक्सी झाली होती. हे नाव मी गेल्या दीड वर्षात किती काउंटरवर सांगितलं असेल देव जाणे, आणि दर दुसऱ्या काउंटरवर ते "एपिलेप्सी" असं लिहिलं गेलं. मग आत गेलं की पहिला प्रश्न, फिट कधीपासून येतात. फिट येत नाहीत हो. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी, मुलीच्या दहावीच्या पुस्तकात तिला पियूषिका ग्रंथी म्हटलंय, जेमतेम अर्धा ग्रॅम वजन असेल, तिच्यात आधीच एक साधी, कॅन्सर नसलेली गाठ वाढलेली होती आणि त्या गाठीत एका रात्री अचानक रक्तस्राव झाला. बहुतेकांना अशी गाठ आहे हेच माहीत नसतं, रक्तस्राव होतो तेव्हाच कळतं. आमचंही तेच. मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं की असा पहिला पेशंट १८९८ साली बेली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवला आणि हे नाव पडलं १९५० मध्ये. म्हणजे रोग काही कालचा नाही.

फेब्रुवारीची गोष्ट. वाशीहून आले, जेवून झोपले, पहाटे तीनला डोकं धरून उठून बसले आणि म्हणाले कुणीतरी आतून हातोडा मारतंय. उलट्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं, मी त्यांना दोष देत नाही, रात्रभर गाडी, चहा, तंबाखू, मलाही पित्तच वाटलं. सकाळी डावी पापणी खाली पडली ती उघडेना. शेजारच्या काकू म्हणाल्या लकवा आहे, अमक्या गावाला औषध मिळतं. मग सीटी केला, त्यात विशेष काही नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले होते, मी उजव्या बाजूने पाण्याचा तांब्या ठेवला आणि ह्यांच्या कोपराने तो उडाला. म्हणाले तू कधी आलीस. मी शेजारी उभी होते आणि ह्यांना दिसत नव्हते! समोरचं दिसायचं, दोन्ही बाजूंचं गेलेलं. गाडीच्या दोन्ही बाजूंचे आरसे कुणी काढून न्यावेत तसं. तेव्हा उचलून जिल्ह्याला नेलं, एमआरआय झाला आणि निदान झालं. त्या गाठीच्या बरोबर वरून डोळ्यांच्या नसा जातात आणि बाजूने डोळा हलवणाऱ्या, पापणी उचलणाऱ्या नसा, म्हणून नजरही गेली आणि पापणीही.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एमआरआय बघितल्याबरोबर काय केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सही नाही, डिपॉझिट नाही, आधी सिस्टरला हाक मारून हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसोल ह्या हॉर्मोनची जागा भरून काढणाऱ्या स्टिरॉइडचं, इंजेक्शन शिरेतून द्यायला लावलं. मी घाबरून विचारलं हे कसलं, तर म्हणाले, ताई, ही ग्रंथी बंद पडली की शरीरात कॉर्टिसोल तयार करायचा निरोपच जात नाही, आणि कॉर्टिसोल नसेल तर बीपी धरत नाही, माणूस ऑपरेशनच्या आधीच जाऊ शकतो. ॲपोप्लेक्सी झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांत हे होतं, काही ठिकाणी दहातल्या आठांपर्यंत सापडलंय. नजर जास्त गेली होती म्हणून ऑपरेशन आठवड्याच्या आत करायचं ठरलं, चौथ्या दिवशी झालं. नाकातून दुर्बीण घालून. मांडीतली चरबी काढून आत बूच बसवलं. नंतर नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, आणि नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं तर लगेच सांगायचं. पहिले दोन दिवस लघवी इतकी झाली की मी मापाचं भांडं घेऊन वहीत लिटर लिहीत बसले होते, मग ते आपोआप थांबलं. काहींचं थांबत नाही म्हणे, त्यांना त्याची वेगळी गोळी किंवा स्प्रे लागतो.

बरं होणं कसं असतं ते पण लिहिते, कारण ह्या काळात मी रोज रात्री हेच शोधत असायचे आणि मराठीत काही सापडायचं नाही. नजर सगळ्यात आधी आली. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी म्हणाले तुझ्या हातातल्या बांगड्या दिसतायत. सगळ्यांचं इतकं पटकन होत नाही, आणि ज्यांची नजर पूर्ण गेलेली असते किंवा फार उशीर होतो त्यांची पूर्ण परत येईलच असं नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पापणीला वेळ लागला. दुकानाचं शटर सकाळी थोडं थोडं वर करावं तशी ती रोज केसभर वर जायची, मी फोटो काढून ठेवायचे, पाच-सहा आठवड्यांनी पूर्ण उघडली. एकाचे दोन दिसायचे ते दोन महिन्यांनी थांबलं. पापणी आणि डोळा हलवण्याचं ऑपरेशन न करताही बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, त्यामुळे काही लोकांना नुसत्या औषधावर ठेवून लक्ष ठेवतात हेही तिथेच कळलं, आमच्या शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना तसंच ठेवलं होतं आणि ते आमच्या आधी घरी गेले. तीन महिन्यांनी नजरेच्या कक्षेचा तो टिकल्यांचा टेस्ट केला त्यात उजव्या डोळ्याचा बाहेरचा वरचा कोपरा अजून काळा आहे. तो तसाच राहील. म्हणून रात्रीची गाडी बंद. आता गाडी धाकटे दीर नेतात आणि हे वजनाचा, भाड्याचा हिशोब बघतात. ह्यावर ते बोलत नाहीत आणि मी पण विचारत नाही.

बाकी जे येत नाही ते हॉर्मोन. आता मागे बघितलं की कळतं, दोन वर्षं आधीपासून हे थंडीला कुडकुडायचे, दाढी आठवड्याने केली तरी चालायची, आणि नवरा-बायकोचं म्हणाल तर मी वय झालं म्हणून गप्प होते. वय पंचेचाळीस! गाठ तेव्हापासून दाबत असणार. आता सकाळी उठल्या उठल्या हायड्रोकॉर्टिसोन दहा मिलिग्रॅम, दुपारी पाच, चार-साडेचारला पाच, शिवाय थायरॉईडची गोळी आणि तीन आठवड्याला एक इंजेक्शन. ॲपोप्लेक्सीतून वाचलेल्या बहुतेकांना ह्यातलं काही ना काही कायमचं लागतं. काहींची ग्रंथी पुन्हा थोडी जागी होते म्हणून चार ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात, आमचं सकाळचं कॉर्टिसोल तेव्हाही जवळजवळ शून्य होतं. म्हणजे ही गोळी ह्यांच्यासाठी औषध नाहीच, ती जेवणासारखी आहे, चुकली की शरीर बसतं.

आता मूळ मुद्दा.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात पाहुण्यांकडे वास्तुशांतीला गेलो होतो. रात्री ह्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले, अजून चार-पाच जणांना झाले होते, बाकीचे ओआरएस पिऊन सकाळी चहा पीत होते. हे सकाळची गोळी घेतली की उलटून टाकायचे. नऊ वाजता बोलताना शब्द विसरायला लागले. जवळच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीत नेलं. बीपी ऐंशीला पन्नास. सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, गॅस्ट्रो आहे म्हणाले, तेही खरंच होतं. मी म्हटलं डॉक्टर, ह्यांना स्टिरॉइड चालू आहे, इंजेक्शन द्यावं लागतं. त्यांनी वर न बघताच म्हटलं, स्टिरॉइड कोण देतं ह्यांना, त्यानेच पोट बिघडलंय, बंद करा आधी. मी फाइल पुढे केली. फाइल जाड आहे, त्यात एमआरआयच्या फिल्मा, बिलं, योजनेची कागदं, आणि डिस्चार्ज समरी सहा पानांची इंग्रजीत. जी ओळ पाहिजे होती ती पाचव्या पानावर, गोळ्यांच्या यादीच्या खाली, बारीक अक्षरात. उलटी झाल्यास, आजारपणात डोस वाढवावा. इतकंच. ते डॉक्टर तरुण होते, बाहेर ॲक्सिडेंटची केस आली होती, ते फाइल टेबलावर ठेवून गेले. मला त्यांचा राग येतो आणि येत पण नाही, छत्तीस तास ड्युटी करून मी पण कुणाची सहा पानं वाचली नसती.

दोन सलाईन झाल्या तरी बीपी वर येईना. ह्यांचे हात गार, घाम, मला ओळखलं पण मुलीचं नाव आठवेना. रिपोर्ट आले, सोडियम ११८, साखर ५८, दोन्ही कमी. पोटॅशियम ठीक, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. ती नंतर मला समजावलेली गोष्ट आहे, की अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे किडनीवरची, जिथे कॉर्टिसोल तयार होतं ती, स्वतःच बिघडली असेल तर पोटॅशियम वाढतं, अंगाचा रंग काळवंडतो, पण पिट्युटरीच्या पेशंटमध्ये ह्यातलं काहीच होत नाही, त्यामुळे पुस्तकातलं चित्र जुळत नाही आणि माणूस निसटतो.

वाचवलं एका सिस्टरने. पन्नाशीच्या असतील, चष्मा कपाळावर. ड्युटी बदलली तेव्हा आल्या, बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि मला विचारलं, "ताई, सकाळची गोळी पोटात राहिली का?" बस. हा एक प्रश्न. मी नाही म्हटल्यावर त्यांनीच फाइल उघडली, पाचवं पान काढलं, बोट ठेवून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हायड्रोकॉर्टिसोन शंभर शिरेतून. मी घड्याळ बघत होते. तासाभराने बीपी शंभराच्या वर, दीड तासाने हे म्हणाले चहा मिळेल का, आणि मी तिथेच बाकड्यावर बसून रडले ते अजून आठवतं.

पाच तास गेले त्यात. शंभर मिलिग्रॅमचं इंजेक्शन, स्वस्तातलं, त्याच खोलीतल्या ट्रेमध्ये पडलेलं होतं कारण दम्याच्या पेशंटला तेच देतात.

तुम्ही म्हणाल हा आजार कुठे रोज येतो. बरोबर आहे, इंग्लंडच्या एका गावात मोजलं तेव्हा लाखात सहा निघाले होते. पण कॉर्टिसोल नसलेली माणसं तेवढीच नाहीत हो. बाळंतपणात फार रक्त जाऊन ही ग्रंथी वाळलेल्या बायका आहेत, ज्यांना पुढे दूध आलं नाही, पाळी आली नाही आणि वर्षानुवर्षं अशक्तपणा म्हणून टॉनिक देतात. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यातसुद्धा ही ग्रंथी मरू शकते, हे ऐकून मी चाटच पडले, आमच्या भागात घोणस काय कमी आहे का. आणि सगळ्यात जास्त म्हणजे संधिवाताला, दम्याला वर्षानुवर्षं वायसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड, खाणारे, आणि गुडघ्याला गुण येतो म्हणून कुणाकडून तरी बिननावाच्या पुड्या आणणारे, त्या पुडीत काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी ते स्टिरॉइड एकदम बंद केलं की त्यांचीही हीच गत. म्हणजे तो प्रश्न, सकाळची गोळी पोटात राहिली का, महिन्यातून चार वेळा तरी कामाला येईल.

म्हणून जे डिस्चार्ज कार्ड लिहितात त्यांना हात जोडून सांगते, ती ओळ पाचव्या पानावर नको. पहिल्या पानावर, वरती, लाल पेनने, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. ह्या पेशंटच्या शरीरात कॉर्टिसोल तयार होत नाही, उलट्या, शुद्ध हरपणं, मोठी जखम किंवा ऑपरेशन असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन शंभर द्या, मग तपासण्या करा. एवढंच. इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा पेशंटला खिशात ठेवायचं कार्ड देतात, आपल्याकडेही काही मोठ्या ठिकाणी देतात म्हणे, आम्हाला मिळालं नव्हतं. आणि घरी सोडताना जे समजावता ते एकदा नातेवाइकाकडून उलट वदवून घ्या. मला डिस्चार्जच्या दिवशी सगळं सांगितलं होतं, नाही असं नाही, पण तेव्हा मी बिलाच्या रांगेतून धावत आले होते आणि डोक्यात फक्त नाक शिंकरू नका एवढंच राहिलं होतं. ताप आला तर डोस दुप्पट, उलटी थांबत नसेल तर इंजेक्शन, हे मला सात महिन्यांनी, ते सगळं होऊन गेल्यावर नीट कळलं.

ते इंजेक्शन घरी ठेवा आणि मांडीत द्यायला शिका असं आता हॉर्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्याच सिस्टरकडे गेले होते शिकायला. मोसंबी घेऊन या म्हणाल्या. मोसंबीवर तीन वेळा केलं, कुपीतली पावडर पाण्यात कशी विरघळवायची, हलवायची, हवा कशी काढायची. चौथ्या वेळी माझा हात थरथरला नाही. आता कुठेही जाताना पर्समध्ये एक डबी असते, त्यात कुपी, पाणी, सिरिंज.

फॅमिली डॉक्टरांना पण दोन गोष्टी. एक, ह्या पेशंटचं थायरॉईड नुसत्या टीएसएचवर ठरवू नका. टीएसएच म्हणजे थायरॉईडला निरोप देणारं हॉर्मोन, तो पिट्युटरीतूनच येतो, तीच बंद आहे तर तो नॉर्मल दिसला तरी खरा नसतो, थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, फ्री टी-फोर, बघावं लागतं. आमच्याकडे गावातल्या शिबिरात टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करायला सांगितली होती, बरं झालं मी फोन करून विचारलं. आणि कॉर्टिसोल भरून न काढता आधी थायरॉईडची गोळी सुरू करणंही धोक्याचं असतं. दुसरी म्हणजे, कृपा करून पेशंटच्या तोंडावर "स्टिरॉइड वाईट" म्हणू नका. अंगात असायला पाहिजे तेवढंच घेतात हे, जास्त नाही. तुम्ही सहज बोलून जाता, पण तुमच्या शब्दाला गावात वजन असतं, ह्यांच्या आईने त्यानंतर दोनदा गोळ्यांचा डबा लपवला होता.

मेडिकलवाल्या दादांनो, तुमच्यासाठी पण एक ओळ. हायड्रोकॉर्टिसोन म्हटलं की खाजेच्या मलमाची ट्यूब काढू नका! तीन दुकानांत मला ट्यूबच दिली. गोळ्या तालुक्याला मिळत नाहीत, जिल्ह्याहून मागवाव्या लागतात, एकदा दोन दिवस संपल्या तेव्हा डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितलेल्या डोसने प्रेडनिसोलोनवर काढले. ऑपरेशन योजनेत बसलं, आभार आहेत, पण ह्या महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्या आमच्याच खिशातून जातात आणि जन्मभर जाणार. सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर ह्या मिळाल्या तर किती बरं होईल, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलं तर पोचवा.

मी स्वतःच आता पुठ्ठ्यावर ती ओळ लिहून लॅमिनेट करून घेतलीय, वीस रुपये लागले. एक ह्यांच्या लायसनच्या मागे, एक फाइलच्या अगदी वर चिकटवलीय, एक दिरांच्या गाडीत. पुढच्या महिन्यात वर्षाचा एमआरआय आहे, गाठ परत वाढली का बघायला, तो दरवर्षी करायचा आहे. सकाळी आठपासून ओपीडीच्या बाहेरच्या बाकड्यावर मी फाइल घेऊन असेन, कुणाला तो पुठ्ठा बघायचा असेल तर बघा, फोटो काढून घेतला तरी चालेल.

एका पेशंटची बायको